वाचक विचारतात : वाळूची भिंत, पाण्याचे पंप आणि दुपारचे दोन

मागच्या अंकात सुएझ कालव्यावरच्या १९७३ च्या युद्धाची ओळख करून दिली होती. १९६७ च्या युद्धात इस्रायलने सिनाईचे वाळवंट घेतले आणि कालवा हीच दोन सैन्यांमधली सीमा झाली. पुढे ऑगस्ट १९७० पर्यंत कालव्याच्या दोन्ही काठांवरून तोफा धडाडत होत्या, मग शस्त्रसंधी झाली. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी दुपारी इजिप्तने कालव्यावर आणि सीरियाने गोलान टेकड्यांवर एकाच वेळी हल्ला चढवला. त्यावर खान्देशातून बरीच पत्रे आली. सारख्या प्रश्नांची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

पंपाने पाणी मारून साठ फुटी भिंत फोडली असे लेखात वाचले. केळीच्या शेतात पाइप फुटला की बांध वाहून जातो, ते रोजचेच आहे. पण एवढी भिंत फोडायला किती पंप लागले, किती वेळ लागला? नीट सांगा बरं भो. (रावेर)

आधी भिंत समजून घ्या. कालवा खोदताना निघालेली वाळू पूर्व काठावर होतीच. इस्रायलने तिच्यावर भर घालून ती अगदी पाण्याच्या कडेपर्यंत आणली. उंची जागोजागी १८ ते २५ मीटर, उतार ४५ अंशांहून उभा. होडीतून उतरलेला माणूस दोराच्या शिडीने कसाबसा वर चढेल, पण रणगाड्याला काठावर टेकायलाही जागा नव्हती. आणि या भिंतीमागे बार लेव्ह रेषेतली, म्हणजे इस्रायलच्या कालव्यालगतच्या बचावफळीतली, ठाणी होती.

इजिप्तने आधी सगळ्यांच्या डोक्यात येते तेच करून पाहिले, म्हणजे सुरुंग आणि बुलडोझर. एका खिंडाराला सुमारे १,५०० घनमीटर वाळू हलवावी लागणार होती. आपल्या हिशेबात हे ५३० ब्रास होतात. एका ट्रॉलीत एक ब्रास धरला तर ५३० खेपा! त्यासाठी ६० माणसे, एक बुलडोझर, सुमारे २७० किलो स्फोटके आणि पाच ते सहा तास लागत होते, तेही समोरून एकही गोळी येणार नाही असे धरून. मुळात बुलडोझर आधी कालव्यापलीकडे न्यायचा कसा, हाच प्रश्न होता.

तोडगा सुचला तो आस्वान धरणाच्या कामावर राहिलेल्या बाकी झकी युसेफ या इंजिनिअर अधिकाऱ्याला. त्या धरणाच्या कामात वाळूचे ढीग पाण्याच्या झोताने हलवले जात. कालव्यात पाणी हवे तेवढे होते, पंप तराफ्यावर ठेवता येत होता आणि धुतलेली वाळू परत कालव्यातच जाणार होती. १९६९ मध्ये ही कल्पना पुढे आली. आधी ३०० ब्रिटिश बनावटीचे लहान पंप घेतले. असे पाच पंप एका जागी लावले की तीन तासांत खिंडार पडत होते. नंतर १५० जास्त ताकदीचे जर्मन पंप आले. तीन ब्रिटिश आणि दोन जर्मन अशी जोडी लावल्यावर वेळ दोन तासांवर आला. ठरलेली खिंडारे ७०, प्रत्येकी पाच पंप, म्हणजे ३५०. उरलेले शंभर पंप बिघाड आणि गोळीबार धरून ठेवलेले. खरेदी करताना हे पंप अग्निशमनासाठी आहेत असे सांगितले होते, असे इजिप्तमध्ये आजही सांगतात.

झोताने एवढे काम का होते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. वाळूचे कण एकमेकांना धरून नसतात. तळाशी झोत मारून पोखरले की वरचा थर आपल्याच वजनाने खाली बसतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. सुरुंगाने उडालेली वाळू मात्र बरीचशी पुन्हा त्याच खड्ड्यात येऊन पडते.

मग सगळीकडे दोन तासांत वाट झाली का? (चोपडा)

नाही. उत्तरेला इजिप्तच्या 'दुसरे सैन्य' नावाच्या दलाच्या भागात काम जवळजवळ ठरल्याप्रमाणे झाले. दक्षिणेला सुएझ शहराच्या बाजूला इजिप्तचेच 'तिसरे सैन्य' होते, तिथे घोळ झाला. तिथली भिंत निव्वळ वाळूची नव्हती, तिच्यात चिकणमाती होती. तापीकाठचा पोयटा आणि आपली काळी जमीन दोन्ही पाहिलेल्या माणसाला पुढचे कळेलच. वाळू पाण्याबरोबर वाहते, तर चिकणमाती पाणी पिते, फुगते आणि जागच्या जागी चिखल होऊन बसते. पंप जास्त चालवला की चिखलही जास्त. खिंडार पडले तरी त्याच्या तळाला वाफसा येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता आणि चाळीस टनांचा रणगाडा त्यात रुतणारच होता. मग दगड, लाकडी फळ्या, वाळूच्या पिशव्या आणि लोखंडी जाळ्या टाकून तळ बांधावा लागला.

दक्षिणेची दुसरी अडचण भरती-ओहोटीची. भूमध्य समुद्राच्या टोकाला पाण्याच्या पातळीत साधारण ६० सेंटिमीटरचा फरक पडतो, सुएझच्या टोकाला तो दोन मीटरपर्यंत जातो. तरंगत्या पुलाचे टोक काठाला जोडायचे आणि पाणी तासातासाला वर-खाली होणार. तिसऱ्या सैन्याचे पूल उत्तरेच्या मानाने कित्येक तास उशिरा बसले. १९६९ पासून तालीम चालू होती, पण तालमीच्या भिंती वाळूच्या होत्या. आमच्या मते या सगळ्या योजनेतली सर्वांत महागडी चूक ही होती.

रणगाडे पलीकडे जाईपर्यंत पायदळाने काय केले? समोरून रणगाडे आल्यावर माणूस टिकतो कसा? (वरणगाव)

इजिप्तचे सेनाप्रमुख साद अल शाझली यांचे निम्मे नियोजन याच प्रश्नाभोवती होते. पायदळाला जवळजवळ बारा तास रणगाड्यांविना तग धरावा लागणार, असे धरून ते चालले. त्यासाठी पहिल्या लाटांमधल्या माणसांच्या पाठीवर रणगाडाविरोधी हत्यारे दिली.

लांब पल्ल्याला 'सॅगर' क्षेपणास्त्र. सूटकेससारख्या पेटीत मावणारे. डागल्यावर मागे बारीक तार सुटत जाते आणि सैनिक हातातल्या दांडीने त्याला वळवत लक्ष्यावर नेतो. पल्ला तीन किलोमीटरपर्यंत. पण पहिल्या साधारण ५०० मीटरमध्ये ते नीट ताब्यात येत नाही. म्हणून जवळच्या मारासाठी खांद्यावरून डागायचा रॉकेट लाँचर आरपीजी-७, जो दोन-तीनशे मीटरवरून रणगाडा फोडतो. वरून विमाने येऊ नयेत म्हणून पश्चिम काठावर विमानविरोधी क्षेपणास्त्रांची छत्री उभारली होती. या छत्रीच्या बाहेर पुढे जायचे नाही, सुरुवातीला कालव्यापलीकडची दहा-बारा किलोमीटरची पट्टीच घ्यायची, हे आधीच ठरले होते. छोटी पट्टी घ्यायचे ठरवले म्हणून हल्ला शक्य झाला. अख्खा सिनाई परत घ्यायचा ठरवला असता, तर इस्रायलला वाटत होते तेच खरे ठरले असते. त्याबद्दल पुढे.

पहिल्या लाटेत सुमारे ४,००० माणसे ७२० होड्यांतून गेली. इस्रायली ठाण्यांसमोरून चढण्याऐवजी दोन ठाण्यांमधल्या मोकळ्या जागेतून ती वर चढली. त्या दिवशी सोळा ठाण्यांत मिळून सुमारे ४५० सैनिक होते, बहुतेक जेरुसलेमकडचे राखीव दलातले. जवळच्या इस्रायली रणगाड्यांनी धाव घेतली, पण पायदळ आणि तोफखान्याची साथ नसताना, छोट्या छोट्या तुकड्यांनी. सिनाईत त्या दिवशी इस्रायलचे जेमतेम २९० रणगाडे होते. पहिल्या रात्रीअखेर त्यातले निम्म्याहून जास्त कामातून गेले.

६ तारीख आणि दुपारचे दोन, ही वेळ कोणी, कशी ठरवली? पहाटे हल्ला करतात असे आम्ही शिकलो. (धुळे)

पाच-सहा हिशेब एकत्र जमवावे लागले.

पहिला चंद्राचा. पूल बांधताना उजेड हवा आणि रणगाडे पलीकडे पसरताना अंधार हवा. रमजानचा दहावा दिवस म्हणजे शुक्ल पक्षातला मोठा चंद्र, जो मध्यरात्रीनंतर मावळतो. म्हणजे आधी चांदण्यात पूल बांधायचे, मग अंधारात रणगाडे पसरवायचे. दुसरा कालव्यातल्या प्रवाहाचा, कारण पूल वाहून जाता कामा नयेत. तिसरा हवामानाचा : पुढे गोलानवर थंडी आणि धुके वाढते, सीरियाला ते नको होते. चौथा, त्या दिवशी इस्रायलमध्ये योम किप्पूर. ज्यूंचा सर्वांत पवित्र उपवास, रेडिओ बंद, वाहने बंद, लोक घरी नाहीतर प्रार्थनेला.

या शेवटच्या हिशेबात एक गोम होती. सगळे घरीच असल्याने आणि रस्ते मोकळे असल्याने राखीव सैनिकांना निरोप पोचवणे आणि त्यांना आघाडीवर नेणे उलट सोपे गेले. दुसरा एखादा सण निवडला असता, लोक समुद्रकिनाऱ्यावर पांगलेले असते, तर इस्रायलची तारांबळ जास्त झाली असती.

वेळेवरून मात्र दोन मित्रांत चांगलीच घासाघीस झाली. सीरियाचे तोंड पश्चिमेकडे, म्हणून त्यांना पहाट हवी होती, सूर्य पाठीशी राहतो. इजिप्तचे तोंड पूर्वेकडे, म्हणून त्यांना संध्याकाळ हवी होती. पुन्हा पूल रात्री बांधायचे होते आणि पहाटेला सुरुवात केली तर दिवसभर विमानांचा मार खावा लागणार होता. अगदी ३ ऑक्टोबरला, हल्ल्याच्या तीन दिवस आधी, दोन्ही बाजूंनी दुपारचे दोन मान्य केले. दोनच्या सुमारास दोनशेवर विमाने सिनाईतल्या तळांवर गेली आणि लगोलग सुमारे २,००० तोफांनी ५३ मिनिटे मारा केला.

एवढे सैन्य, एवढ्या होड्या, एवढा दारूगोळा समोरच्याच्या डोळ्यांदेखत आणला आणि कळले नाही? (जळगाव)

सगळे दिसत होते. इजिप्तने लपवला तो त्यामागचा इरादा.

इजिप्तने काठावर वारंवार सराव केले. दर वेळी सैन्य पुढे येई, दर वेळी मागे जाई. १ ऑक्टोबरपासूनही असाच एक सराव जाहीर होता. दिवसा ब्रिगेडभर माणसे पुढे न्यायची आणि रात्री त्यातली एक बटालियनच दिवे लावून परत आणायची, असा प्रकार चालला. होड्या आणि पुलांचे भाग शेवटच्या दिवसांत, रात्री पुढे आणून खड्ड्यांत झाकले. पश्चिम काठावर इजिप्तनेही उंच बांध घातले होते, त्यामागची हालचाल पलीकडून दिसत नव्हती.

बाकी बारीकसारीक गोष्टी होत्या. अधिकाऱ्यांना उमराला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, जायची रजा मिळेल, अशी बातमी छापून आणली. ४ ऑक्टोबरला राखीव दलातल्या हजारो माणसांना घरी पाठवल्याचे जाहीर केले. ६ तारखेच्या सकाळी काही सैनिकांना शिरस्त्राण न घालता काठावर बसवले : पोहा, मासे धरा, संत्री खा, ऊस चघळा. समोरचा पहारेकरी दुर्बिणीतून तेच पाहत होता. पलीकडे जाणाऱ्या बहुतेक सैनिकांना स्वतःलाही हल्ला खरा आहे हे त्याच सकाळी कळले. ज्याला माहीतच नाही तो बोलणार काय?

माझा प्रश्न उलटा आहे. इस्रायलचे हेरखाते जगात नावाजलेले. त्यांना एकही इशारा मिळाला नाही का? (शहादा)

इशारे इतके मिळाले की यादी वाचून हात कपाळाला जातो.

२५ सप्टेंबरला जॉर्डनचे राजे हुसेन गुपचूप येऊन पंतप्रधान गोल्डा मेयर यांना भेटले आणि सीरियाचे सैन्य हल्ल्याच्या पवित्र्यात आहे असे सांगून गेले. १ आणि ३ ऑक्टोबरला इस्रायली सैन्याच्या दक्षिण विभागातल्या बिन्यामीन सिमान-तोव या तरुण लेफ्टनंटने लिहून दिले की कालव्यापलीकडचा सराव हा हल्ल्याच्या तयारीवरचा पडदा आहे. त्याच्या वरिष्ठाने ती टिपणे पुढे पाठवली नाहीत. ४ ऑक्टोबरच्या रात्री सोव्हिएत सल्लागारांची बायकामुले घाईघाईने इजिप्त आणि सीरियातून विमानाने हलवली जाऊ लागली. त्याच दिवशी काढलेल्या हवाई छायाचित्रांत काठावर कधी नव्हे एवढे सैन्य दिसले.

तरी लष्करी गुप्तचर विभागाचे प्रमुख एली झैरा ५ तारखेलाही युद्धाची शक्यता 'कमी' असेच सांगत होते. कारण तिथे एक गृहीत पक्के बसले होते. इस्रायलचे विमानतळ गाठणारी लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमाने आणि स्कड क्षेपणास्त्रे मिळेपर्यंत इजिप्त युद्ध करणार नाही, आणि इजिप्तशिवाय सीरिया करणार नाही. हे गृहीत काही हवेतून आले नव्हते. एकेकाळी कैरोत खरोखर तसाच विचार होता आणि ती माहिती आतल्या गोटातूनच मिळाली होती. पण ऑक्टोबर १९७२ मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांनी तो विचार सोडला, विरोध करणाऱ्या युद्धमंत्र्याला घरी पाठवले आणि छोट्या पट्टीची योजना धरली. कैरोत विचार बदलला, तेल अवीवमध्ये जुनीच माहिती प्रमाण राहिली. शिळ्या भाकरीसारखी शिळी माहितीही ताजी समजून वाढली की पोट बिघडते.

त्यात मे १९७३ ची भर. वसंतात असाच इजिप्तचा जमाव दिसला होता. इस्रायलचे सेनाप्रमुख डेव्हिड एलाझार यांनी सावधगिरी म्हणून राखीव दलाची काही जमवाजमव केली, कोट्यवधींचा खर्च झाला आणि युद्ध काही झाले नाही. झैरा तेव्हाही 'होणार नाही' म्हणाले होते. म्हणजे ते खरे ठरले! लांडगा आला रे आला या गोष्टीत गावकरी मूर्ख नसतात. त्यांनी दोनदा धावून खर्च केलेला असतो. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तीच हाक कानावर आली तेव्हा वरिष्ठांच्या डोळ्यांसमोर मे महिन्याचे बिल होते.

आणखी एक गोष्ट नंतर उघड झाली. इजिप्तच्या तारांवर बसवलेली ऐकण्याची खास साधने अशा वेळेसाठीच राखून ठेवली होती. सेनाप्रमुख समजत होते की ती चालू आहेत आणि तरीही काही ऐकू येत नाही, म्हणजे धोका नाही. प्रत्यक्षात ती तेव्हा चालू केलेली नव्हती. न ऐकलेल्या शांततेलाच पुरावा मानले गेले.

शेवटच्या दिवशी तरी काय झाले? (शहाद्याहूनच, दुसरे पत्र)

इजिप्तचे आधीचे राष्ट्राध्यक्ष नासर यांचे जावई अश्रफ मारवान इस्रायलला माहिती देत असत. ५ ऑक्टोबरच्या रात्री ते लंडनमध्ये इस्रायलच्या हेरसंस्थेचे, मोसादचे, प्रमुख झ्वी झमीर यांना भेटले आणि उद्या युद्ध आहे असे सांगितले. निरोप पहाटे चारच्या आत इस्रायलला पोचला. वेळ मात्र सूर्यास्ताची सांगितली होती. ३ तारखेला वेळ बदलली, ते त्या निरोपात नव्हते.

सकाळी आठच्या सुमारास गोल्डा मेयर यांच्याकडे बैठक बसली. एलाझार यांनी आधी आपणच विमानहल्ला करावा असा आग्रह धरला. मेयर यांनी नकार दिला, कारण पहिली गोळी आपली ठरली तर अमेरिकेची मदत अडकेल. राखीव दल किती बोलवायचे यावर वाद झाला. एलाझार जास्त मागत होते, संरक्षणमंत्री मोशे दायान कमी म्हणत होते, शेवटी एक लाखाच्या वर माणसे बोलवायचे ठरले. रणगाडे पुढच्या रेषेवर न्यायचा आराखडा तयार होता. पण हल्ला सहाला आहे असे गृहीत धरून रणगाडे दुपारी उशिरा पुढे सरकवायचे ठरले, म्हणजे इजिप्तला आधी सुगावा लागू नये. दोन वाजता बहुतेक रणगाडे मागेच होते. एवढ्या सगळ्या चुकांनंतर घात केला तो चार तासांनी.

१९७१ मध्ये पाकिस्ताननेही आपल्यावर अचानक हल्ला केला होता. तो का फसला? (नंदुरबार)

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, आग्रा अशा तळांवर बॉम्ब टाकले. डोळ्यांसमोर नमुना होता जून १९६७ चा, जेव्हा इस्रायलने इजिप्तची विमाने जमिनीवरच जाळली. पण ती उघड्यावर रांगेत उभी होती. १९६५ च्या अनुभवावरून भारताने विमाने काँक्रीटच्या आडोशांत ठेवली होती आणि हल्ला कधीही होईल असे धरूनच तळ सज्ज होते. शिवाय हल्ल्याला आलेली विमाने थोडी होती. धावपट्ट्यांवर खड्डे पडले, ते रातोरात बुजवले गेले.

इस्रायलच्या चौकशीत कोण सापडले? आणि शेवटी तेही कालवा ओलांडून गेले म्हणतात, मग स्वतःचीच भिंत त्यांनी कशी फोडली? (अमळनेर)

सरन्यायाधीश अग्रानात यांच्या आयोगाने १ एप्रिल १९७४ रोजी पहिला अहवाल दिला. एलाझार आणि झैरा दोघांना जावे लागले. आयोगाने गोल्डा मेयर आणि दायान यांना दोष दिला नव्हता, पण लोक रस्त्यावर उतरले आणि मेयर यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. आठची बैठक ज्याने गाजवली त्या एलाझार यांच्यावर सगळ्यात जास्त खापर फुटले, हे आम्हाला आजही पटत नाही.

भिंतीचे म्हणाल तर इस्रायलला पंपांची गरज पडली नाही. एरियल शेरॉन हे सेनानी दक्षिण विभागाचे प्रमुख असताना त्यांनी कालव्याच्या वाटेवरच्या ग्रेट बिटर लेक या सरोवराच्या उत्तर टोकाजवळ भिंतीचा एक तुकडा मुद्दाम पातळ ठेवला होता. पुढे कधी आपल्यालाच पलीकडे जावे लागले तर बुलडोझरने पटकन फोडता यावा म्हणून. जागा अंधारात चुकू नये यासाठी तिथे लाल विटांची खूण केली होती. १५ ऑक्टोबरच्या रात्री त्यांचे सैन्य त्याच जागी येऊन पलीकडे गेले.